हातमोजे घालूनच

तळघराला सोळा पायऱ्या, मग जड दार, मग कार्डाची टिटिट.
आत अठरा अंश.
बाहेर वेझर नदीवर बर्फाचे पापुद्रे तरंगत असोत
नाहीतर घाटावर उघड्या अंगानं लोक आइस्क्रीम चाटत असोत,
आत अठरा.
एकोणतीस वर्षं झाली मला इथे.
माझं काम एवढंच : काय कुठे आहे ते माहीत असणं.

वर दुसऱ्या मजल्यावर प्रदर्शन चाललंय, परतीचं.
काचेची एक पेटी मुद्दाम रिकामी, आत नुसता दिवा,
खाली लेबल. त्यातल्या एका क्रियापदावर
समितीच्या चार बैठका झाल्या :
मिळाला, की घेतला, की आणला गेला.
शेवटी कर्ता गाळून वाक्य उभं केलं, जरा लंगडतं.
लोक त्या रिकाम्या पेटीचे फोटो काढतात.
मुखवट्याचे कुणी काढले नव्हते.
तो त्या पेटीत कधी नव्हताच मुळी,
शेल्फ चौदा, खोका नऊ, १९११ पासून.

गुरुवारी तिघं आले, कॅमेरूनच्या डोंगरांतून.
म्हातारे व्हेर्किजिका, भरतकामाच्या झग्यावर
आमच्याच दुकानातला मफलर गुंडाळलेला,
त्यांची भाची किन्युय, ड्युसबुर्गला नर्स आहे, दुभाषी म्हणून,
आणि अबोल बोंगफेन.
त्याची मान बघूनच कळलं
डोक्यावर कोण घेणार आहे.

मी खोका उघडला.
म्हाताऱ्यांनी हात पुढे केला, आणि मी
'नको' म्हणाले. एवढ्या मोठ्यानं
की मलाच ऐकवेना.

मग सांगावं लागलं. ओल्टमान्स नावाचा नीटस माणूस होता इथे,
दर वसंतात बारीक ब्रशनं पांढरी पूड चोळायचा ह्याला,
केसांत, कानांमागे,
आत, जिथे नाचणाऱ्याचं कपाळ टेकतं, तिथेही.
कसर लागू नये म्हणून.
तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यानं.
सोमल होता तो. आर्सेनिक.
कसर लागली नाही.

किन्युय हे भाषांतरित करताना मध्येच थांबली,
एक शब्द तिला तिकडच्या भाषेत सापडेना,
मग तिनं नर्सच्या आवाजात सांगितलं :
मामा, घाम आला की ते कातडीतून आत जातं.

बराच वेळ फक्त हवेचं यंत्र.
बोंगफेननं एकच विचारलं, वजन किती?
चार किलो तीनशे.
त्यानं मान ताठ केली, किंचित डावीकडे कलती,
आणि तसाच उभा राहिला.

मला वाटलं म्हातारे रागावतील. माझी तयारी होती,
वरून आलेल्या कागदावर त्यासाठी दोन परिच्छेद होते.
ते खोक्यावर वाकले आणि मुखवट्याशीच बोलू लागले,
हळू, थोडं दटावत,
लग्न चुकवलेल्या चुलतभावाशी बोलावं तसं.
नंतर किन्युयनं सांगितलं काय म्हणाले :
परक्या घरी राहिलास, दुखणं घेऊन बसलास.
बरा झालास तरच नेऊ असं कोण म्हणालं?

मग खिशातून कोलाचं फळ काढून चार तुकडे केले.
खायला सक्त मनाई आहे इथे. पेपरमिंटच्या गोळीवरून
मी शिकाऊ मुलांना बाहेर काढलंय.
मी हातमोजे काढले.

कडू. तुरट. जीभ आक्रसली.
वर जाऊन नळाचं पाणी प्यायले तर ते गोड लागलं,
ब्रेमेनचं, चुन्याचं, रोजचं पाणी.

संध्याकाळी अहवाल भरायला बसले.
स्थिती, ह्या रकान्यात लिहिलं : आजारी.
संगणकानं ते पुसलं.
यादीतून निवडा, म्हणाला :
उत्तम, बरी, खराब.